दाराकडे पाहणारा पक्षी

बगरीगुरी, माजुली
९ ज्येष्ठ

देओर भद्रकांत,

नबौचा, म्हणजे तुझ्या वहिनीचा, आशीर्वाद घे. बिहू होऊन गेला तरी तुझं पत्र नाही, म्हणून मीच बोलते आहे आणि माझी सून निरला लिहिते आहे. तिचं अक्षर चांगलं आहे, पण कान फार मोठे आहेत. तुझं पत्र वाचून दाखवणारीही तीच, तेव्हा उत्तर जपून दे.

तू गुवाहाटीला लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहतोस म्हणे. म्हणजे आता लुइत कितीही फुगला तरी तुझे पाय कोरडे. जन्मभर लाकडाचा भुसा खाल्लेल्या माणसाला देवाने म्हातारपणी बरी उंची दिली. आमची उंची होती तेवढीच आहे, नदीची मात्र वाढली.

मुद्द्याचं सांगते. नदीने पुन्हा तोंड आपल्याकडे फिरवलं आहे. बांधापलीकडची बोरींची रांग तुला आठवते? ती गेली. आता बांधालाच भेग पडली आहे, आणि त्या भेगेतून हाक मारली तर आपल्या नामघरात ऐकू जाईल, इतकं ते जवळ. बेटावरची किती गावं नदीने खाल्ली, किती नामघरं लोकांनी खांब-खांब सुटे करून मागे नेली, हे तुला मी सांगायला नको. पण थानेश्वर मेधीला कोण सांगणार? नामघराचा कारभार त्याच्या हातात, आणि तो म्हणतो, "भादोचं महिनाभराचं कीर्तन आजवर या जागेवर चुकलेलं नाही. गुरूंच्या तिथ्या होऊ देत, मग उतरवू."

मी ओसरीवरूनच विचारलं, "मेधी, नदीला तिथी कळवलीस का?"

सगळे हसले. मेधी तेवढा हसला नाही. म्हणाला, "नबौ, यात बायकांनी पडू नये."

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, बायकांची जागा ओसरीवर. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथे बसून नाम गाते आहे. आतल्या सिंहासनाचं मला काय दिसतं? कळसाचं टोक, वरच्या सिंहाचे दोन कान आणि वाकलेल्या मेधीची पाठ. तू तरुणपणी एवढी वर्षं घालून काय कोरलंस, ते मी अजून पाहिलेलं नाही. सिंहासनावरची चादर मात्र दर साली माझ्याच मागावरून जाते. देवाची विणकरीण मी, पण देवाची नि माझी ओळख नाही.

तू त्या सिंहासनाचा बाप. तुझं ऐकेल मेधी. त्याला लिही, भादोच्या आधी उतरव म्हणावं. नुसतं घर गेलं तर बांबू पुन्हा उगवतात. ते चाफ्याचं लाकूड आणि तुझे हात पुन्हा कुठून आणायचे?

तुझी नबौ
माखनी

(खुरादेउता, मी निरला. माझे कान मोठे नाहीत. आई ओरडून बोलतात.)


गुवाहाटी
२ आषाढ

पूज्य नबौ,

तुमचं पत्र आलं. जोनालीने चहा ठेवला होता, तो तसाच गार झाला. मेधीला मी त्याच दिवशी लिहिलं. त्याचं उत्तर आलेलं नाही, येणारही नाही. लहानपणी मी त्याचा भोवरा फोडला होता, तो त्याने अजून माफ केलेला नाही.

म्हणून तुम्हालाच सांगून ठेवतो. वेळ आलीच तर कोणी कुऱ्हाड लावू नये. त्या सिंहासनात एकही खिळा नाही, सगळं खाचेत खाच घालून बसवलं आहे. आधी चादर काढायची. मग सगळ्यांत खाली, कासवाच्या पाठीवर, बाजूच्या भिंतीकडे एक फळी आहे. ती म्हणजे कुलूप. ती डावीकडे ओढली की चारही कोपऱ्यांच्या खुंट्या सैल होतात. मग वरून खाली यायचं. आधी कळस, मग चारही सिंह. सिंहाला शेपटीने उचलायचं नाही, पोटाखाली हात घालायचा. मग हत्ती. कासव शेवटी, त्याला चौघं लागतील.

ती खालची फळी आधी सुखरूप बाहेर काढा. बाकी काही राहिलं तरी चालेल, असं मी म्हणू नये, पण म्हणतो. तिच्यात माझी एक चूक आहे. चारचौघांत दाखवायची नाही. चादरीत गुंडाळून तुमच्याजवळ ठेवा.

इथे सगळं बरं आहे. तिसऱ्या मजल्यावर पाऊस ऐकू येत नाही, नबौ. पत्र्याचं छप्पर नाही, केळीची पानं नाहीत. पाऊस पडतो हे जोनाली सांगते तेव्हा कळतं. पहाटे जाग येते ती नामघराच्या नगाऱ्याच्या वेळेला. डोळे मिटून थांबतो. मग दुधाची गाडी येते.

रोज संध्याकाळी घाटावर जाऊन बसतो. तुमच्या अंगणावरून गेलेलं पाणी आज ना उद्या इथूनच जाणार. म्हणतो, गावाकडचं काही आलंच तर आपण इथे असावं.

तुमचा देओर
भद्रकांत


बगरीगुरी
२१ आषाढ

देओर,

तुझं पत्र फेरीबरोबर आलं, भिजून पापडासारखं. निरलाने चुलीपाशी वाळवून वाचलं. तुझ्या ओळी म्हणे आता उतारावरून घसरत खाली जातात आणि एकमेकींच्या अंगावर चढतात. पूर्वी तुझं अक्षर पोथीसारखं होतं, सगळे म्हणायचे. गुवाहाटीत सरळ रेषा मिळत नाहीत का रे?

आता तुझ्या चुकीबद्दल. मी एवढी हसले की तोंडातलं तामूल पडलं. सगळं गाव बुडायला निघालंय आणि लाकूड कोरणाऱ्या खनिकरांना काळजी कशाची, तर आपली चूक लोकांना दिसेल! म्हणजे मेधीचं घर बुडालं तरी चालेल, खनिकराची अब्रू कोरडी राहिली पाहिजे. बरं बाबा, गुंडाळून ठेवीन. पण मी आधी पाहणार. एवढी वर्षं तुझ्या कामाची स्तुती ऐकून कान किटले, आता कुठे काहीतरी ऐकण्यासारखं निघालं.

तुझं पत्र ढेकीवर वाचलं. तांदूळ सडायला सात-आठ जणी होतो. शेजारची बिनंदी म्हणाली, "आई, हे एवढं लक्षात कोण ठेवणार? आधी काय नि मग काय, आमची डोकी का मेधीची आहेत?" मग ढेकीच्या ठेक्यावर मीच जुळवलं:

चादर काढा, हरि बोला,
खालची फळी डावीला ओढा;
कळस आधी, सिंह मागून,
उचला पोटाखाली हात घालून;
हत्ती मग, कासव शेवटी,
ओल्या हाताने धरू नका शेपटी.

आता गावातल्या पोरी भात लावतानासुद्धा हेच गातात. मेधीने ऐकलं, पण त्याला वाटलं लग्नातलं गाणं आहे. म्हणाला, "छान चाल आहे." मी म्हटलं, "तुझ्या कामी येईल."

काल सावरीचं मोठं झाड नदीत गेलं. पडताना आवाज झाला नाही. उभं होतं तसंच, उभ्यानेच निघून गेलं, निरोप घेतल्यासारखं. त्या झाडाखाली तुझा दादा नाव बांधायचा. तो गेला तेव्हा मी एवढी रडले नव्हते. निरला, हे लिहू नको.

(लिहिलं. आईंनी सांगितल्यावर उशीर झाला होता. निरला.)


गुवाहाटी
६ श्रावण

पूज्य नबौ,

तुमचं गाणं जोनालीने वाचून दाखवलं. चाल नव्हती तरी मी मांडीवर ठेका धरला. पोथीतही माझ्या कामाला एवढा मान मिळाला नसता.

अक्षराचं विचारू नका. इथली शाई पातळ आहे, आणि वीज जाते येते. माझंही वय झालं.

सावरीच्या झाडाचं वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. कसलं काम म्हणाल, तर इथे मला काही काम नाही, लक्ष लागलं नाही एवढंच. दादा नाव बांधायचा, मी त्याच मुळीवर पटाशीला धार लावायचो. तुम्ही घागर घेऊन यायचात आणि म्हणायचात, "दोघं मिळून झाड झिजवाल." तुम्ही झिजवाल म्हणालात, आणि नदीने एका दिवसात नेलं.

एक विचारतो. तुम्ही लग्न होऊन आलात त्या वर्षीच्या बिहूला नामघरात काम करणाऱ्या सगळ्या कारागिरांना तुम्ही विणलेले गामोसे, खांद्यावरचे पंचे, दिले होते, आठवतं? माझा माझ्याकडे अजून आहे. जोनाली धुवायला मागते, मी देत नाही.

तुम्ही मला यायला सांगाल हे मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहितो. मला येणं जमणार नाही. गुडघे फार दुखतात.

भद्रकांत


बगरीगुरी
३ भाद्रपद

देओर,

थोडक्यात सांगते, फेरी सुटते आहे. कीर्तन सुरू झालं. बांधाची भेग आता दोन ठिकाणी आहे. गावातले पुरुष दिवसभर वाळूची पोती टाकतात, नदी दिवसभर ती खाते. पाणी नामघराच्या अंगणाच्या कडेला टेकलं आहे. मेधी म्हणतो, देवाच्या पायाला स्पर्श करून मागे जाईल. मी म्हटलं, पाया पडायला आलेला पाहुणा जेवल्याशिवाय जात नाही.

गुडघ्यांचं कारण मला सांगू नको. आमच्या सगळ्यांचे गुडघे तुझ्यापेक्षा जुने आहेत आणि त्यांच्यावर उभं राहून आम्ही भात लावला. खरं काय ते सांग. लेक पाठवत नाही? जावयाला तू ओझं वाटतोस? तसं असेल तर चालता हो तिथून. आमच्याकडे छप्पर राहिलं तर त्याखाली, नाही राहिलं तर आमच्याबरोबर.

गामोसे मी जन्मात किती विणले ते माझा माग जाणे. तुला कुठला दिला ते कसं आठवणार? अंगावर घेतोस ना, मग झालं.

माखनी


गुवाहाटी
१९ भाद्रपद

नबौ,

रेडिओवर माजुलीचं नाव आलं. गावांची नावं सांगितली, त्यात बगरीगुरी होतं की नव्हतं ते कोणी धड सांगत नाही. जोनाली म्हणते नव्हतं. ती मला बरं वाटावं म्हणून म्हणते.

तुमचं पत्र नाही. फेरी बंद आहे असं कळलं.

घाटावर रोज जातो. लोक सांगतात, छपरं वाहत जातायत, केळीचे तराफे, एक गाय. मी विचारतो, कोरीव काही दिसलं का? ते हसतात.

फळीचं राहू द्या. सगळंच राहू द्या. तुम्ही उंचावर जा.

भद्रकांत


बांधावर, ताडपत्रीखाली
११ आश्विन

देओर भद्रकांत,

जिवंत आहोत. सगळे. आधी हे लिही म्हटलं निरलाला, कारण तू ओळी गाळून वाचणारा.

आता बसून ऐक. तुझ्या शेवटच्या पत्रात पानावर फक्त तीन-चार ओळी मावल्यात म्हणे, भोपळ्याएवढी अक्षरं. त्याचा जाब नंतर विचारीन.

सकाळचं कीर्तन चालू होतं. पुरुष बांधावर. आत मेधी एकटा, ओसरीवर आम्ही बायका. एकदम कुत्री गप्प झाली. मग पाणी आलं. नदी येते तसं धावत नाही आलं, दूध उतू जातं तसं चहूबाजूंनी वर आलं. वरच्या अंगाला बांध फुटला होता. पुरुष पलीकडे अडकले, मधे पाणी. माझा लेक तिकडून हात हलवत होता, काय ओरडत होता कळत नव्हतं.

मेधी दारात आला. पोथी डोक्यावर, धोतर गुडघ्याला. म्हणाला, "पोथी घेतली आहे. बाकीचं पुरुष येऊन काढतील. तोवर थांबा."

"पुरुष पोहत येणार, का सिंहासन पोहत जाणार?" मी म्हटलं.

"नबौ, रीत आहे."

"रीत माझ्या डोक्यावर आहे मेधी, पण पाणी तुझ्या पोटरीवर आहे. एक तर बाजूला हो, नाही तर पोहायला लाग."

 मग भद्रकांत, त्याने काय केलं ठाऊक आहे? बाजूला झाला.  पोथी बिनंदीच्या डोक्यावर ठेवली, स्वतः मोठ्या नगाऱ्याकडे गेला आणि बडवायला लागला. पलीकडच्यांना कळावं म्हणून. लहानपणी तू त्याचा भोवरा फोडलास ना, आता माफ झालास असं समज. असा नगारा मी कधी ऐकला नव्हता.

आत जाताना माझा पाय अडला. खरं सांगते. नदीला मी घाबरले नाही, उंबऱ्याला घाबरले. एवढं वय झालं, नवरा गेला, दोन वेळा पुरात घर सोडलं, आणि एका वीतभर लाकडावरून पाय पलीकडे टाकवेना. मागून निरलाने ढकललं. (हात लावला फक्त. निरला.) ढकललं.

आणि मग ते पाहिलं. काय सांगू? तू जे केलंस ते तू पाहिलंस, तुला मी काय सांगणार? एवढंच म्हणते, इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी गात होते, ते माझ्या गाण्यापेक्षा चांगलं निघालं. मनात आलं, देवा, तुला नदीने घराबाहेर काढलं तेव्हा कुठे तू मला भेटलास.

बघत बसायला वेळ नव्हता. कोणीतरी गाणं धरलं. मेधीचा नगारा आणि आमचं गाणं. चादर काढा, हरि बोला. चादर मी काढली, माझ्याच मागावरची. मग खालची फळी. बोटं मागे घालून चाचपली, डावीकडे ओढली. किरकिरली आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे अख्खं सिंहासन सुस्कारा टाकल्यासारखं सैल झालं.

फळी माझ्या मांडीवर आली.

म्हटलं, बघू तरी खनिकराची चूक. तिच्यावर पक्ष्यांची रांग. सगळे देवाकडे तोंड करून, चोचीत फूल. आणि मधला एक पक्षी उलटा. दाराकडे बघणारा.

भद्रकांत, मला तो गामोसा आठवला.

नवी नवरी होते. रात्रंदिवस माहेर डोळ्यांपुढे. मागावर पक्षी विणता विणता एक उलटा गेला. सासूने गामोसा हातात घेतला आणि चारचौघींत म्हणाली, "सगळे पक्षी देवाकडे बघतायत, हाच बरा दाराकडे बघतो! अगदी सुनेसारखा. माहेरची वाट बघतोय मेला." सगळ्या हसल्या. मी पण हसले. मग गोठ्यात जाऊन रडले. उसवायला वेळ नव्हता, बिहू दुसऱ्या दिवशी. म्हटलं, हा तरुण खनिकर आहे, लाकडात डोकं घालून असतो, त्याला काय कळणार? म्हणून तो तुला दिला.

तुला कळलं होतं.

एवढी वर्षं माझा पक्षी आत बसून बाहेर ओसरीकडे बघत होता. आणि मी दर साली नवी चादर विणून त्याच्या डोळ्यांवर टाकत होते.

निरलाला मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. आता ती लिहिते आहे आणि माझ्याकडे बघत नाही. शहाणी आहे.

बाकीचं सगळं काढलं. कळस, सिंह, हत्ती. कासव आम्ही पाचजणींनी उचललं, मेधी सहावा. तो नगारा सोडून आला तेव्हा पाणी त्याच्या छातीला होतं. ओसरीला बांधलेल्या नावेत भरलं आणि निघालो. नामघर दुपारपर्यंत उभं होतं. मग आधी ओसरी गेली, माझी जागा. मग बाकीचं. नगारा आतच राहिला. पाण्यात जाताना तो एकदा वाजला, कोणी न वाजवता. पलीकडे पुरुषांनी हात जोडले.

एक सिंह गेला. नावेतून निसटला. आमच्यातल्या पुतलीने शेपटी धरली, ओल्या हाताने. गाण्यात सांगितलं होतं तरी. ती दोन दिवस जेवली नाही. मी तिला म्हटलं, रडू नको, तो कुठे गेला मला ठाऊक आहे. आमचा खनिकर घाटावर बसलेलाच असतो.

तेव्हा लक्ष ठेव. सिंह तुझ्याकडे येतो आहे.

तुझी नबौ


गुवाहाटी
२९ आश्विन

पूज्य नबौ,

हे पत्र जोनाली लिहिते आहे, मी सांगतो आहे. आता आपण दोघंही सारखेच.

तुमचं पत्र तिने मला दोनदा वाचून दाखवलं. मग मीच म्हटलं, पुरे.

सिंह आला असेल. माझ्या समोरूनच गेला असेल. मला दिसला नसता, नबौ. डोळे गेले. आधी कडा गेल्या, मग मधलं. डॉक्टर म्हणाले फार उशीर झाला. घाटावर जातो ते पाण्याचा वास घ्यायला. पूर चढला की त्याला आपल्या अंगणातल्या मातीचा वास येतो. दुसऱ्या कोणाला येत नाही, मला येतो. पत्रं लिहीत होतो ते अंदाजाने, बोटाने कागदाची कड धरून. तुम्हाला कळू नये एवढ्यासाठी. आंधळा खनिकर काय कामाचा? तुम्ही या म्हणाला असता, मी आलो असतो, आणि चाचपडत उभा राहिलो असतो. तुम्ही माझी थट्टा केली नसती. त्याची भीती वाटली.

फळीवरच्या पक्ष्याबद्दल मी चूक असं लिहिलं, कारण पत्र निरला वाचणार होती. त्या वर्षी मी तुम्हाला गोठ्याकडे जाताना पाहिलं होतं. मी काय करू शकत होतो? मला फक्त कोरता येत होतं. वाटलं, आत एक तरी असा असावा जो ओसरीवर कोण बसलं आहे ते बघेल.

एवढंच होतं, नबौ. याहून जास्त काही नव्हतं. असलंच तर ते त्या फळीत आहे.

ती फळी तुम्ही पाहिलीत. आता नदीने काहीही न्यावं.

भद्रकांत

(मोठ्या आई, मी जोनाली. माझे देउता हे सांगताना गामोसा हातात धरून बसले होते. मला आज पहिल्यांदा त्यावरचा उलटा पक्षी दिसला.)


नवं बगरीगुरी, उंचवट्यावर
१४ कार्तिक

देओर भद्रकांत,

गाढवा. नबौ म्हणून आशीर्वाद खाली देईन, आधी शिव्या घे.

डोळे गेले म्हणून तोंड लपवलंस? मला जन्मात एक अक्षर कळलं नाही. बाजारात पाट्या बघून मी म्हशीसारखी उभी राहते, तरी कधी कोणापासून लपले का? तू आंधळा, मी अडाणी. आपल्या दोघांत मिळून एक पत्र वाचता येत नाही. त्यात लाज कसली, उलट गंमत आहे.

आता इथलं ऐक. उंचवट्यावर नवी जागा मिळाली. नामघर म्हणजे सध्या चार बांबू आणि ताडपत्री. सिंहासन मधोमध उभं केलं, गाणं उलटं म्हणून: आधी कासव, मग हत्ती. पहिल्या दिवशी आम्ही सवयीने बाहेर बसलो. मेधी इकडेतिकडे बघत राहिला. भिंत नाही, दार नाही, ओसरी नाही. शेवटी म्हणाला, "नबौ, बाहेर कुठून सुरू होतं तेच मला कळत नाही. पुढे या, पाऊस लागेल." आम्ही पुढे सरकलो. भिंती उभ्या राहिल्या की तो काय म्हणतो ते बघू. मीही काही म्हणेनच.

चादर मी या वेळी आखूड विणली आहे. खालची फळी उघडी राहते. मेधीने विचारलं, सूत कमी पडलं का? मी हो म्हटलं.

सिंहाची जागा रिकामी आहे. तीन सिंह आणि एक भोक. गावातल्या दोघा-तिघांनी पटाशी धरली, पण जे कोरलं ते मांजर झालं. मेधीने त्याला नमस्कार केला, पण मनापासून नाही. उरलेल्या सिंहांच्या अंगावरून हात फिरवून सांगणारं कोणी हवं, इथे खोल घे, इथे थांब. तुझी बोटं कुठे आंधळी झाली आहेत? पाणी ओसरून फेरी सुरू झाली आहे. आघोण महिन्यात भात कापून झालं की माझा लेक तुला न्यायला येईल. गुडघ्यांचं नाव काढलंस तर उचलून आणील.

सोबत गामोसा पाठवते. जुना जोनालीला धुवायला दे, वास येत असेल. हा नवा मी पुरात वाचलेल्या मागावर विणला. नक्षी जाड सुताने उठवून घेतली आहे, बोटांना लागेल अशी. निरला म्हणते, आई, इतकी जाड नक्षी बरी दिसत नाही. मी म्हटलं, ज्याला पाठवायचा आहे त्याला ती कुठे दिसायची आहे?

पक्ष्यांची रांग आहे. डावीकडून बोट फिरवत ये. सगळे एकाच दिशेला तोंड करून. मधे थांब. त्या उलट्या पक्ष्यापाशी या वेळी दुसराही एक आहे, त्याच्या समोर, चोचीला चोच लावून.

एवढंच सांगायचं होतं, आणि ते निरलाला लिहायला सांगणार नव्हते. पण सांगून टाकलं. बाकीचं त्या गामोशाच्या काठाला आहे. ते जोनालीला वाचता येणार नाही, निरलालाही नाही.

तू हात धू, आणि वाच.

आशीर्वाद.
नबौ